खरं सांगितलं तर तोटा होतो का? इलेक्टिव्ह वाटपाची गोष्ट

"उद्या सकाळी १० वाजता लिंक उघडेल. जागा ६०. आधी येणाऱ्यास प्राधान्य."

ओपन इलेक्टिव्हचा असा मेसेज वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. कुणी हॉस्टेलच्या वायफायवर भरवसा न ठेवता मोबाइल डेटा चालू करून बसतं. कुणी रूममेटला आपला पासवर्ड देऊन ठेवतं. दहाला दोन मिनिटं कमी असतानाच रिफ्रेश सुरू होतं आणि दहा वाजून चार मिनिटांनी जागा संपलेल्या असतात. त्या वेळी एसटीत असलेला, रेंज नसलेल्या गावातला किंवा सकाळची शिफ्ट करून शिकणारा मुलगा दुपारी लिंक उघडतो आणि उरलेला विषय घेतो. नियम सगळ्यांना सारखाच होता. मग अन्याय झाला असं म्हणायचं तरी कशाच्या जोरावर?

या प्रश्नावर गेल्या काही दशकांत गणितज्ञांनी, अर्थशास्त्रज्ञांनी आणि कॉम्प्युटरवाल्यांनी बरंच डोकं लावलंय. विषय कुणाला द्यायचा, हे ठरवण्याच्या प्रत्येक पद्धतीत कुणीतरी जिंकतं. कधी वेगवान माणूस, कधी नशीबवान, कधी धूर्त. जो सरळपणे आपली खरी आवड लिहून देतो, त्याचं काय होतं? हा प्रश्न हातात धरून गेलं की हा सगळा इतिहास नीट उलगडतो.

निवड आली कुठून

कॉलेजात विषय निवडायचे असतात, ही कल्पनाच फार जुनी नाही. चार्ल्स विल्यम एलियट १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले तेव्हा ते जेमतेम ३५ वर्षांचे होते. त्या काळी ग्रीक, लॅटिन, गणित असा अभ्यासक्रमाचा मोठा भाग सगळ्यांना सारखाच असे. एलियट यांनी चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत सक्तीचे विषय एकेक करून कमी केले. १८९० च्या दशकाच्या अखेरीस पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन सोडलं तर जवळपास सगळंच विद्यार्थ्याच्या मर्जीवर आलं होतं.

याला विरोधही कडवा झाला. १८८५ मध्ये प्रिन्स्टनचे अध्यक्ष जेम्स मॅकॉश आणि एलियट यांचा न्यूयॉर्कमध्ये जाहीर वाद रंगला. मोकळीक दिली तर पोरं सोपे विषय घेतील, शिक्षणाला काही आकारच राहणार नाही, असं विरोधकांचं म्हणणं. एलियट यांच्यानंतर १९०९ मध्ये आलेल्या लॉवेल यांनी मधला रस्ता काढला. एका विषयात खोली आणि बाकीच्यांत थोडा थोडा फेरफटका. आपल्याकडे २०१५ च्या सुमारास यूजीसीने आणलेली चॉइस बेस्ड क्रेडिट सिस्टिम आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर आलेले मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे त्याच घराण्यातले.

तो वाद निवड द्यावी की नाही, याचा होता. निवड दिल्यावर दोनशे जणांना एकच विषय हवा असेल आणि वर्गात साठच बाकं असतील तर काय, हा पुढचा प्रश्न.

एक माणूस, एक जागा

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म किंवा इंजिनिअरिंगची कॅप राउंड आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेली असते. गाभा सोपा आहे. आरक्षणाचे प्रवर्ग क्षणभर बाजूला ठेवू. मेरिट लिस्टमधला पहिला विद्यार्थी आपल्या यादीतलं सर्वांत वरचं कॉलेज घेतो, मग दुसरा उरलेल्यातून घेतो, मग तिसरा. या पद्धतीला अर्थशास्त्रात क्रमवार हुकूमशाही म्हणतात. नाव भीतीदायक असलं तरी तिचा एक मोठा गुण आहे. तुमची पाळी आली की यादीतलं वरचं जे शिल्लक आहे ते तुम्हाला मिळतं, त्यामुळे पसंतिक्रम खोटा भरून काहीच फायदा होत नाही. जे हवं तेच लिहावं.

एका माणसाला एकच जागा द्यायची असेल तर या शास्त्राची तब्येत उत्तम आहे. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी कॉलेज प्रवेशावर एक छोटासा शोधनिबंध लिहिला. त्यातल्या अल्गोरिदमच्या घराण्यातली पद्धत आयआयटी आणि एनआयटीच्या एकत्रित जागावाटपात २०१५ पासून वापरली जाते. शॅप्ली आणि अ‍ॅल्विन रॉथ यांना याच प्रकारच्या कामासाठी २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

इलेक्टिव्हचं दुखणं वेगळं आहे. इथे प्रत्येकाला एक जागा द्यायची नसते, चार-पाच विषयांचं गाठोडं द्यायचं असतं. शिवाय सगळे आधीच प्रवेश मिळालेले, म्हणजे मेरिटचा आधारही नाही. मग चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचा नंबर पहिला त्याने आपले सगळे विषय आधी घ्यायचे, असं केलं तर?

हार्वर्ड बिझनेस स्कूलचंच उदाहरण घ्या. दुसऱ्या वर्षाला साधारण ९०० विद्यार्थी, प्रत्येकाला १० विषय. चिठ्ठीत पहिला नंबर आलेला पठ्ठ्या आपला दहाव्या पसंतीचा विषयही उचलणार, तेव्हा शेवटच्या नंबरवाल्याला पहिल्या पसंतीचाही मिळालेला नसणार. पहिल्याला दहावा विषय कोणता मिळतो याचं फारसं सुखदुःख नसतं. पण त्याच्या त्या निष्काळजी निवडीने दुसऱ्याची सर्वांत आवडती जागा जाते. खरं बोलणाऱ्याचं इथे नुकसान नाही, पण एका चिठ्ठीवर सगळं सेमिस्टर ठरतं.

बरं, ही पद्धत टाळावी म्हटलं तर गणित आडवं येतं. २००० नंतरच्या काही वर्षांत सिल्व्हिया पापाई, लार्स एलर्स आणि बेट्टिना क्लाउस यांनी दाखवलं की काही तांत्रिक अटी धरल्या, तर खोटं बोलून कधीच फायदा होणार नाही आणि जागाही वाया जाणार नाहीत, या दोन्ही गोष्टी गाठोड्यांच्या वाटपात पाळणारी पद्धत म्हणजे शेवटी हुकूमशाहीच. कुणीतरी पहिला, कुणीतरी शेवटचा.

गल्ली क्रिकेटची पद्धत

हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९९० च्या दशकात यावर जो उपाय केला तो आपण गल्ली क्रिकेटमध्ये करायचो. दोन कॅप्टन आळीपाळीने एकेक गडी निवडतात. तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला चिठ्ठीने नंबर मिळतो आणि सगळे पसंतिक्रमाची यादी देतात. कॉम्प्युटर पहिल्या फेरीत १ ते ९०० या क्रमाने प्रत्येकाला एकेक विषय देतो, दुसऱ्या फेरीत उलट्या क्रमाने, ९०० पासून १ पर्यंत. तिसऱ्यात पुन्हा सुलटा. ज्याचा पहिल्या फेरीत शेवटचा नंबर, त्याचा दुसऱ्या फेरीत पहिला. ऐकायला अगदी न्याय्य.

पण आता खरं बोलणाऱ्याची पंचाईत होते. समजा आपल्याच एखाद्या कॉलेजात ही पद्धत आहे. सईला सर्वांत जास्त आवडते मोडी लिपी आणि त्याखालोखाल डेटा सायन्स. मोडीला गर्दी नाही, डेटा सायन्सवर झुंबड आहे. सईने खरी यादी दिली तर पहिल्या फेरीत मोडी मिळते आणि दुसऱ्या फेरीपर्यंत डेटा सायन्स भरून जातं. तिने यादी उलटी दिली तर पहिल्या फेरीत डेटा सायन्स, आणि मोडी तर कुठे जातच नाही, ती दुसऱ्या फेरीत मिळते. म्हणजे खोटं लिहिलं तर दोन्ही विषय.

सईचा फायदा झाला, पण ओंकारचं काय? त्याला डेटा सायन्सच मनापासून हवं होतं आणि चिठ्ठीत त्याचा नंबर मागे आला. सईसारख्या पंचवीस जणांनी दुसऱ्या पसंतीचा विषय पहिला लिहिला, म्हणून त्याची जागा गेली. पुढच्या वर्षी ओंकारचे ज्युनियर्स आधीच सावध होतात आणि गर्दीच्या विषयावर आणखी गर्दी होते.

एरिक बुडिश आणि एस्टेल कॅन्टिलॉन यांनी हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष दिलेल्या याद्या आणि त्यांची खरी आवड यांची तुलना करून २०१२ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. विद्यार्थी खरोखरच लोकप्रिय विषय वर ढकलत होते आणि त्यामुळे एकंदर सगळ्यांचंच नुकसान होत होतं. गंमत अशी की एवढी चलाखी होऊनही ही पद्धत चिठ्ठीच्या हुकूमशाहीपेक्षा बरी ठरली. गणिताच्या पुस्तकात निर्दोष असलेली पद्धत प्रत्यक्षात जास्त निर्दय निघाली.

चलाखीचा प्रश्न न्यायाचा का आहे, हे शाळांच्या एका उदाहरणातून चांगलं कळतं. बॉस्टन शहरात सरकारी शाळांच्या वाटपात पहिल्या पसंतीला फार वजन होतं. काही पालकांनी गट करून, कोणती शाळा कितवी लिहायची याचे डावपेच आखले होते. ज्यांना हे डावपेच कळत नव्हते, त्यांची मुलं मागे पडत. २००५ मध्ये बॉस्टनने ती पद्धत बदलली. बदलाच्या बाजूचा एक महत्त्वाचा मुद्दा हाच होता, की डावपेच न जाणणाऱ्या कुटुंबाचं नुकसान होऊ नये. न्याय म्हणजे सगळ्यांना एकच नियम, एवढं पुरेसं नाही हे तिथे कागदावर आलं. नियम खेळायला शिकवणारं कुणी घरात असणं ही सगळ्यांना परवडणारी गोष्ट नाही.

पॉइंट्सचा लिलाव

अमेरिकेतल्या काही बिझनेस स्कूल्सनी दुसरा रस्ता धरला. आयपीएलमध्ये संघाला ठरावीक पर्स मिळते, तसे प्रत्येक विद्यार्थ्याला सारखे पॉइंट्स द्यायचे आणि विषयांवर बोली लावायला सांगायचं. ज्याला जास्त हवं तो जास्त बोली लावेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वॉर्टन स्कूलमध्ये अनेक वर्षं असा लिलाव चालायचा. त्यात अनेक फेऱ्या असत आणि घेतलेला विषय विकताही येई.

तायफुन सोन्मेझ आणि उत्कू उन्वेर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी यातली मेख दाखवली. बोली एकाच वेळी दोन कामं करत होती. ती आवडही सांगत होती आणि किंमतही. सईला मोडी सर्वांत प्रिय आहे, पण तिथे गर्दी नाही हे माहीत असल्याने ती तिथे १० पॉइंट्स लावते आणि डेटा सायन्सवर ६००. कॉम्प्युटर समजतो की मोडी तिला फारशी आवडत नाही.

दुसरा दोष आणखी जिव्हारी लागणारा. पॉइंट्स खरे पैसे नसतात. समजा निखिलने १००० पॉइंट्स तीन विषयांवर ४००, ३५० आणि २५० असे लावले आणि ते विषय ४०१, ३५१ आणि २५१ ला गेले. निखिलच्या हाती शून्य विषय आणि पूर्ण १००० पॉइंट्स. लिलावात एखादी वस्तू हुकली तर माणूस पैसे घेऊन घरी जातो. निखिल काय घेऊन जाणार? त्या पॉइंट्सचा चहासुद्धा येत नाही.

हेवा मोजायचा कसा

उत्तराचा धागा एका वेगळ्याच जागी सापडतो. पोलिश गणितज्ञ ह्यूगो स्टाइनहाउस हे ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून, खोट्या नावाने त्यांनी काही वर्षं काढली. वाटणीचा जुना नियम आपल्या घराघरात आहे, एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. तीन जण असतील तर काय? स्टाइनहाउस यांनी युद्धकाळात तिघांसाठी उत्तर शोधलं आणि कितीही जणांसाठी हाच प्रश्न ब्रोनिस्वाव क्नास्टर आणि स्टेफान बानाख या गणितज्ञ मित्रांपुढे टाकला. त्यांनी तो सोडवला. १९४८ मध्ये स्टाइनहाउस यांनी हे सगळं प्रसिद्ध केलं.

पुढे १९६७ मध्ये डंकन फोली यांनी न्याय्य वाटपाची एक साधी कसोटी मांडली. माझ्या वाट्यापेक्षा तुझा वाटा बरा, असं कुणालाही वाटता कामा नये. १९७४ मध्ये हॅल व्हेरियन यांनी ती बाजाराला जोडली. (हेच व्हेरियन पुढे गुगलचे मुख्य अर्थतज्ज्ञ झाले.) सगळ्यांच्या खिशात सारखे पैसे द्या, भाव असे ठरवा की मागणी आणि पुरवठा जुळेल. मग हेवा उरत नाही. तुझं गाठोडं मलाही परवडत होतं, मी माझं निवडलं, मग तक्रार कसली?

पण हे केक किंवा धान्याला लागू पडतं. अर्धा विषय घेता येत नाही. दोन भावंडं, एक स्कूटी आणि एक सायकल घ्या. दोघांकडे १००-१०० रुपये. स्कूटी १०० ला असेल तर दोघं मागणार, १०१ ला असेल तर कुणालाच परवडणार नाही. जुळणारा भावच नाही.

बुडिश यांनी २०११ मध्ये यातून वाट काढली. पैसे अगदी सारखे देऊ नका, किंचित कमीजास्त द्या. एकाला १००, दुसऱ्याला १०१. स्कूटीचा भाव १०१, प्रश्न सुटला. मग १ रुपया जास्त असलेला सगळंच पळवणार का? समजा चार विषय आहेत. एक फार छान, दुसरा चांगला, तिसरा बरा, चौथा कुणालाच नकोसा. दोघांना प्रत्येकी दोन घ्यायचेत. भाव १०१, ६०, ४० आणि ०. १०१ वाल्याने फार छान विषय घेतला की खिसा रिकामा, दुसरा विषय त्याला नकोसाच घ्यावा लागतो. १०० वाल्याला चांगला आणि बरा असे दोन्ही मिळतात. चिठ्ठीच्या पद्धतीत पहिल्याने छान आणि चांगला असे दोन्ही नेले असते.

हेवा पूर्ण जात नाही, पण त्याला मर्यादा पडते. तुम्हाला कुणाच्या वेळापत्रकाचा हेवा वाटलाच, तर त्यातला एखादा विषय झाकला की तो हेवा संपला पाहिजे. न्यायाची ही थोडी तडजोड केलेली व्याख्या मला फार पटते. पूर्ण समानता शक्य नाही हे मान्य करायचं आणि विषमता किती चालेल हे आकड्यात सांगायचं.

आणि खरं बोलण्याचं काय? इथे विद्यार्थी बोली लावतच नाही. तो फक्त कोणता विषय किती आवडतो ते सांगतो. भाव कॉम्प्युटर ठरवतो आणि प्रत्येकासाठी त्याच्या पॉइंट्समध्ये बसणारं सर्वांत आवडतं वेळापत्रक तोच निवडतो. हजार-दीड हजार विद्यार्थ्यांत एकट्याच्या खोटेपणाने भाव जवळपास हलत नाहीत, म्हणून खोटं बोलण्यात अर्थ उरत नाही.

कागदावरून सर्व्हरवर

माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे पुढचा भाग मला सर्वांत रंगतदार वाटतो. हे भाव शोधायचे कसे? ओथमन, पापादिमित्रिऊ आणि रुबिनस्टाइन यांनी सिद्ध केलं की हा प्रश्न सर्वसाधारणपणे नॅश समतोल शोधण्याच्या जातीचा आहे. म्हणजे प्रत्येक वेळी झटपट उत्तर देणारा अल्गोरिदम मिळण्याची आशा जवळपास नाही.

तरीही वॉर्टनने तो करून दाखवला. बुडिश, जेरार कॅशॉन, जड केसलर आणि अब्राहम ओथमन यांनी बनवलेली कोर्स मॅच ही प्रणाली २०१३ मध्ये तिथे सुरू झाली. सुमारे १,७०० विद्यार्थी आणि एका सेमिस्टरला ३५० पर्यंत कोर्सेस. भावांचा एक अंदाज घ्यायचा, त्या भावात प्रत्येक विद्यार्थी काय घेईल ते काढायचं, गर्दी कुठे होते ते बघून भाव बदलायचे आणि पुन्हा तेच. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी प्रत्येक वेळी एक छोटं गणित सुटतं. अनेक मशीन्सवर एकाच वेळी अशी अब्जावधी गणितं सोडवली जातात. त्यानंतर जादा भरलेले वर्ग भाव वाढवून आटोक्यात आणायचे आणि शेवटी उरलेल्या जागा भरायच्या. नव्या पद्धतीनंतरच्या सर्वेक्षणांत विद्यार्थ्यांचं समाधान आणि वाटप न्याय्य असल्याची भावना, दोन्ही बऱ्यापैकी वाढलेली दिसली.

हीसुद्धा जादूची कांडी नाही. तीस विषयांना शंभरपैकी गुण देताना आपली आवड नेमकी आकड्यात उतरवणं लोकांना जमतंच असं नाही. बुडिश आणि केसलर यांच्या प्रयोगात वॉर्टनच्या विद्यार्थ्यांच्याही यात चुका झाल्या. आणि दोनशे जणांना हवा असलेला विषय साठ जागांचाच असेल तर कोणताही अल्गोरिदम बाकीच्या १४० जागा निर्माण करू शकत नाही. फार तर कुठे दुसरी तुकडी उघडायला हवी, हे वाढलेल्या भावातून कळतं.

आपल्या लिंकचं काय

मग आपल्याकडे आधी येणाऱ्यास प्राधान्य एवढं लोकप्रिय का? मला एक साधं कारण दिसतं. ते कोडमध्ये सर्वांत सोपं आहे. गुगल फॉर्मच्या शीटमध्ये टाइमस्टॅम्पचा कॉलम आपोआप येतो. त्यावर सॉर्ट मारायचं, वरची साठ नावं उचलायची. दोन मिनिटांचं काम. पण त्या कॉलममध्ये आवड नोंदलेली नसते. त्यात नोंदलेलं असतं नेटवर्क, मोकळा वेळ आणि बोटांचा वेग. मे २०२१ मध्ये कोविन पोर्टलवर लशीच्या स्लॉटसाठी हेच झालं. ज्यांना कोड लिहिता येत होता, त्यांनी रिकामा स्लॉट दिसताच कळवणाऱ्या स्क्रिप्ट्स बनवल्या. ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नव्हता ते रांगेत आहेत हेही पोर्टलला माहीत नव्हतं.

आपल्या कॉलेजांना अब्जावधी गणितांची गरज नाही. फॉर्म दहा मिनिटांऐवजी तीन दिवस उघडा ठेवावा, म्हणजे एसटीतल्या मुलालाही तो भरता येईल. प्रत्येकाकडून पसंतिक्रम घ्यावा. सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढाव्यात. एकाहून जास्त विषय द्यायचे असतील तर दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करावा आणि एकच द्यायचा असेल तर पुढच्या सेमिस्टरला. नियम फॉर्म भरण्याआधी नोटीस बोर्डावर लावावा. फेऱ्यांच्या पद्धतीत थोडी चलाखी शिल्लक राहते हे वर पाहिलंच, पण वेगाच्या शर्यतीपेक्षा ती पुष्कळ बरी. यासाठी लागणारा कोड दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका संध्याकाळी लिहू शकतो.

मग पुढच्या वेळी ग्रुपवर लिंक आली आणि तुम्ही सीआर असाल, तर सरांना एक विचारून बघा. ज्याला मोडी मनापासून आवडते त्याने मोडीच पहिली लिहिली, तर या पद्धतीत त्याचा तोटा होणार आहे का? उत्तर "हो" असेल तर पद्धत बदलायला अजून वेळ आहे. लिंक उद्या दहाला उघडणार आहे.